लोणारचे सूक्ष्मजीव आणि शीतपरिरक्षणाची मर्यादा

सजीव पेशी अत्यंत कमी तापमानात अशा रीतीने ठेवणे, की तिच्यातील रासायनिक व्यवहार जवळजवळ थांबावेत, परंतु पुन्हा सजीव होण्याचे तिचे सामर्थ्य मात्र नष्ट होऊ नये, ह्या क्रियेस शीतपरिरक्षण असे म्हणता येईल. समुद्रातील प्रवाळभित्तींचा ऱ्हास होत असल्यामुळे ह्या पद्धतीची चर्चा अलीकडे बहुधा प्रवाळांच्या संदर्भात होते. महाराष्ट्रापुरता विचार करावयाचा झाल्यास मात्र समुद्रापासून दूर असलेल्या, बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे उदाहरण अधिक उद्बोधक ठरते. तेथील काही सूक्ष्मजीव प्रयोगशाळेत वेगळे काढले गेले आहेत, त्यांचे नामकरण झाले आहे आणि ते संग्रहांत जतन करण्यात आले आहेत. अशा जतनाने नेमके काय टिकते व काय टिकत नाही, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

लोणारचे विवर दख्खनच्या काळ्या पाषाणात उल्कापाताने निर्माण झाले. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर असून खोली दीडशे मीटरच्या आसपास आहे. त्याचे वय पूर्वी सुमारे ५० हजार वर्षे मानले जाई. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन-कालमापनानुसार ते सुमारे ५ लक्ष ७० हजार वर्षे असावे. विवरात झऱ्यांचे व पावसाचे पाणी येते, पण बाहेर वाहून जाण्यास त्याला वाट नाही. पाणी बाष्परूपाने उडून जाते व क्षार मागे राहतात. त्यामुळे हे पाणी केवळ खारटच नव्हे, तर तीव्र अल्कधर्मी आहे. त्याचा सामू साधारणतः १० च्या जवळपास आढळत आला आहे. ह्या क्षारांचा पूर्वी व्यापार होत असे व दल्ला, पापडी, भुसकी अशा नावांनी त्यांचे प्रकार ओळखले जात. आज तो व्यवसाय राहिलेला नाही. नावे जुन्या नोंदींत सुरक्षित आहेत. परंतु खडा पाहून प्रकार ओळखणारी दृष्टी त्या नोंदींत उतरलेली नाही. पुढील विवेचनात ही गोष्ट ध्यानात ठेवणे उपयुक्त होईल.

अशा पाण्यात सामान्य जीव टिकत नाहीत. जे टिकतात ते त्या पाण्यावाचून अन्यत्र सहसा टिकत नाहीत. सरोवराला हिरवी छटा देणारे नीलहरित जीवाणू, क्षारप्रिय व अल्कप्रिय जीवाणू आणि आर्किया ह्या गटातील जीव तेथे आढळतात. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत झालेल्या तपासणीत हा रंग लवणप्रिय आर्कियांच्या रंगद्रव्यामुळे आल्याचे आढळले. पाण्याची पातळी घटून क्षारता वाढली, की ह्या जीवांना अनुकूल काळ येतो. गोड पाणी अधिक प्रमाणात आले, की तो ओसरतो. सारांश, सरोवरातील जीवसमूह पाण्याच्या रसायनाशी घट्ट बांधलेला आहे. ते रसायन कायमचे पालटले, तर काही जीव कायमचे नाहीसे होण्याचा संभव आहे. जतनाचा प्रश्न निर्माण होतो तो येथे.

गोठविल्याने पेशी मरते ती केवळ थंडीने नव्हे. पाणी गोठू लागले, की प्रथम शुद्ध पाण्याचे स्फटिक बनतात व उरलेल्या द्रवात क्षारांचे प्रमाण वाढत जाते. त्यामुळे पेशीतील पाणी तर्षणाने बाहेर खेचले जाते व पेशी आक्रसते. उलट, गोठण फार वेगाने झाले तर स्फटिक पेशीच्या आतच बनतात व तिची पटले फाटतात. ह्या दोन्ही आपत्तींतून मार्ग काढण्याचे साधन १९४९ मध्ये पोल्ज, स्मिथ व पार्क्स ह्या ब्रिटिश संशोधकांना सापडले. कोंबड्याचे शुक्राणू ग्लिसरीनमध्ये ठेवून गोठविल्यास ते पुन्हा सचेत होतात, असे त्यांनी दाखविले. आज सूक्ष्मजीवांचे संवर्ध ग्लिसरीन मिसळून उणे ८० अंश सेल्सिअसवर, किंवा द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर ठेवतात. अथवा गोठवून निर्वातात सुकवितात व काचनलिकेत बंद करतात.

लोणारच्या जीवांसाठी ह्या कृतीत आणखी सावधगिरी लागते. अनेक लवणप्रिय आर्कियांच्या पेशीभित्ती क्षारांच्या आधारानेच उभ्या असतात. त्यांना गोड्या पाण्यात टाकले असता त्या फुटतात. म्हणून परिरक्षक द्रवातही क्षारांचे योग्य प्रमाण राखावे लागते, आणि जाग आणतानाही तसेच अल्कधर्मी माध्यम सिद्ध ठेवावे लागते. म्हणजे नलिकेत जीव ठेवला तरी सरोवराचा थोडा अंश त्याच्याबरोबर ठेवणे भागच असते.

ह्या जतनाचा नामकरणाशी असलेला संबंध विशेष लक्षणीय आहे. वनस्पतीला नवे नाव देताना वाळविलेला नमुना आधारभूत मानता येतो. जीवाणूंच्या बाबतीत मात्र, आंतरराष्ट्रीय नियमानुसार, नव्या जातीचा प्रमाण-प्रभेद निरनिराळ्या दोन देशांतील सार्वजनिक संग्रहांत जिवंत स्वरूपात ठेवावा लागतो. त्यावाचून नाव वैध ठरत नाही. हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील संशोधकांनी लोणारच्या पाण्यातून वेगळे काढलेल्या जीवाणूंपैकी ‘इंडिबॅक्टर अल्कलीफिलस’ हे नाव २०१० मध्ये, तर ‘सेसेम्बिया लोनारेन्सिस’ हे २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. दुसऱ्या नावाची घडण मनोरंजक आहे: त्याचे पहिले पद केंद्राच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून, ‘सीसीएमबी’वरून, बनविलेले आहे आणि दुसरे लोणारवरून. जतन नाही तर नाव नाही, असा हा नियम असल्याने नाव व नामधारी जीव ह्यांची फारकत होऊ शकत नाही. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील औद्योगिक सूक्ष्मजीव संग्रह आणि राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राचा सूक्ष्मजीव संग्रह, तसेच चंदीगड येथील संग्रह ही ह्या कार्याची भारतातील प्रमुख स्थाने होत.

प्रवाळांशी तुलना केली असता सूक्ष्मजीवांचे काम किती सुलभ आहे हे कळते. मालवणच्या किनाऱ्याजवळही आढळणारा प्रवाळ हा एकटा प्राणी नसून प्राणी, त्याच्या पेशींत राहणारी शैवले व अनेक जीवाणू ह्यांचा सहवास आहे. बहुतेक भित्तिकारक प्रवाळ वर्षातील मोजक्या रात्रीच बीजोत्सर्ग करतात. त्यांचे शुक्राणू गोठविता येतात. अंडी मात्र मोठी व स्निग्ध असल्याने दगावतात. २०१८ मध्ये प्रवाळाच्या डिंभांचे काचीभवन, म्हणजे स्फटिक न होऊ देता पाण्याला काचेसारखे घट्ट करणे, साधण्यात आले. ऊब देण्यासाठी सुवर्णाचे अतिसूक्ष्म कण व लेसर किरण वापरावे लागले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात फ्लोरिडा व प्वेर्तो रिको येथील गोठविलेल्या शुक्राणूंनी कुरासाव बेटाजवळील प्रवाळाची अंडी फलित झाली. एरवी ज्यांची भेट होणे जवळजवळ अशक्य, अशा समूहांचा संकर शीतसंग्रहामुळे घडला. संग्रह म्हणजे केवळ गतवस्तूंचे कोठार नव्हे, हे त्यावरून सिद्ध होते.

तरीही मर्यादा स्पष्ट आहेत. पहिली अशी, की प्रयोगशाळेत वाढतो तेवढाच जीव संवर्धरूपाने संग्रहात जातो. निसर्गातील बहुसंख्य सूक्ष्मजीव तेथे अद्याप वाढविता आलेले नाहीत. दुसरी अशी, की नलिकेत एकेक प्रभेद सुटा असतो. सरोवरात एकाचे उत्सर्जन दुसऱ्याचे अन्न असते. ही देवाणघेवाण गोठविता येत नाही. तिसरी, गोठलेला जीव परिवर्तन पावत नाही. पन्नास वर्षांनी जागा केलेला प्रभेद हा पन्नास वर्षांपूर्वीच्या पाण्यालाच अनुरूप असेल. शिवाय नमुना कोणत्या दिवशी, किती खोलीवरून, किती सामू असलेल्या पाण्यातून घेतला ही नोंद हरवली, तर जीव जिवंत राहूनही त्याचा अर्थ हरवतो.

लोणारचा परिसर २००० मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाला व २०२० मध्ये रामसर पाणथळींच्या यादीत त्याचा समावेश झाला. हे संरक्षण आणि शीतसंग्रह ही परस्परांचे पर्याय नसून परस्परपूरक आहेत. संग्रह अपघाताविरुद्धची तरतूद आहे. पण नलिकेतील जीवाला जागे करावयाचे झाल्यास तो परत कोठे सोडावयाचा, ह्या प्रश्नाचे उत्तर संग्रहापाशी नाही. ते विवरात येणाऱ्या पाण्याच्या व क्षारांच्या समतोलापाशी आहे. तो समतोल राखला, तरच संग्रहातील प्रत्येक नलिकेला परतण्याचे ठिकाण उरेल.