जुन्या वास्तूंच्या डॉक्टरीणबाई

बोरिवलीहून स्लो गाडीने कधी गिरगावाकडे गेलात, तर चर्नी रोडला उतरून रॉयल ऑपेरा हाउस जरूर पाहा. १९११ साली पंचम जॉर्ज बादशहाच्या हस्ते उद्घाटन झालेली, बालगंधर्वांचं गाणं ऐकलेली ही वास्तू. पुढे तिथे सिनेमे लागले आणि १९९३ साली दारं बंद झाली. आपल्या अंधेरी-मुलुंडकडे बैठी घरं पाडून टॉवर उठताना आपण रोज पाहतो. मग ही इमारत वाचली कशी?

वाचवली ती आभा नारायण लांबा या आर्किटेक्टबाईंनी. दिल्लीला वास्तुजतनाचं शिक्षण घेऊन त्या मुंबईत आल्या. इमारतीला आधी भक्कम केलं, मग जुने फोटो पाहून तिचं रूप परत आणलं. २०१६ साली पडदा पुन्हा उघडला, नि २०१७ साली युनेस्कोचा पुरस्कार मिळाला.

यांचं काम डॉक्टरसारखंच. आधी निदान, मग औषध! जुन्या भिंती चुन्यातल्या. चुना ओल शोषतो नि बाहेर सोडतो. वर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते. भिंत वरून चकचकीत, आतून पोखरलेली. गावाकडच्या वाड्यालाही हेच लागू, बरं का! आधी गळती शोधा, मग रंगाचं बघा.

तुमच्या लेकीला यात पडायचंय? बारावीला गणित नि भौतिकशास्त्र हवं. मग ‘नाटा’ ही प्रवेशपरीक्षा, पाच वर्षांची आर्किटेक्चरची पदवी आणि वर दोन वर्षं वास्तुजतनाचा अभ्यास. चित्रकलेचा हात नि इतिहासाची गोडी असली तर उत्तमच. पण आधीच सांगते, परांचीवर चढावं लागतं, धूळ खावी लागते आणि एकेक काम वर्षानुवर्षं चालतं. उतावळीचं हे काम नव्हे. “मुलीच्या जातीला हे कशाला?” असं कुणी म्हणालंच, तर त्यांना ऑपेरा हाउस दाखवा.

तूर्त एखाद्या रविवारी तिला बोरिवलीच्या कान्हेरी लेण्यांत न्या. कातळात खोदलेली टाकी पाहून “यात पाणी येतं कुठून?” असं तिने विचारलं, तर खुशाल समजा, पोरीला या कामातला पहिला प्रश्न सुचला!