रविवारची दारी

रविवारची सकाळ. नवी मुंबईतल्या खारघरच्या इमारती बेलपाडा गावठाणाला खेटून उभ्या आहेत आणि गावातल्या सलूनबाहेरचं बाकडं नऊलाच भरलंय.

कारागीर मूळचा मराठवाड्याचा. नवं ब्लेड कागदासकट मधोमध मोडतो, अर्धं वस्तऱ्यात सरकवतो. खुर्चीतला विशीतला पोरगा मोबाइलमधला फोटो पुढे करतो, "साइडला झिरो मार, वर हात लावू नको. दाढीला फक्त लाइन मार." मशीन घरघरते, मानेवरची पावडर उडते, पोरगा आरशात तीनदा वळून बघतो.

त्याच्यामागून एक आजोबा बसतात.

"निस्ती दारी का केस बी?" कारागीर गिऱ्हाइकाच्या आगरी बोलीतच विचारतो.

"दोनी. पार चकोट कर. मना हलदीला जावाचा हाय."

इथल्या आगरी समाजात हळद लग्नाइतकीच वाजतगाजत होते. तिथे खुंट वाढलेल्या तोंडाने कोण जाणार? ब्रशने गालभर फेस चढतो. बाकड्यावरचा नातू मात्र हसत ओरडतो, "आबा, दारी नाही, दाढी!" आजोबा फेसातूनच उत्तर देतात, "तुजे बापाला बी मीच शिकवली दारी कराला."

नातवाला चूक वाटते तो या बोलीचा नियम आहे. दाढीची दारी, गाडीची गारी, हळदीची हलद, पाण्याचं पानी. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या १९०५ सालच्या मराठी खंडातही आगरीची नोंद आहे. १९७० साली शहर वसवणारी सिडको आली, नवी मुंबईसाठी इथल्या शेतजमिनी गेल्या. भातशेती आणि मिठागरं सुटली, तसे त्या कामांचे शब्दही पोरांच्या कानावर पडेनासे झाले. आंघोळ, भांग, दाढी मात्र रोजचीच. म्हणून त्या कामांतली आगरी अजून जिवंत आहे.

वस्तरा हनुवटीखालून शेवटचा फिरतो. कारागीर ओली तुरटी गालावरून घासतो. आजोबा डोळे मिटून चरचर सोसतात, मग तळहाताने गाल चाचपतात. "झ्याक!" आता खुर्चीवर फळी आडवी पडते आणि नातू वर चढतो.

परगावच्या कारागिराने रोजच्या बोलण्यातून ही बोली आपलीशी केली. आगरी घरांतल्या आईबापांना म्हणूनच कळकळीने सांगावंसं वाटतं: पुस्तकातली मराठी शाळा शिकवेलच. घरात पोर 'दारी' म्हणालं, तर त्याला टोकू नका. तुम्हीही त्याच्याशी आगरीतच बोला.