निशाणी १४

पहाटे ५.३०. आज पाण्याची पाळी. पिंप भरेपर्यंत ओट्याशी उभ्यानेच अपिलाचे कागद चाळले. कलम ३५४, विनयभंग. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलून सांगतोय.) घटना १ जुलै २०२४ च्या आधीची, म्हणून दंड संहिता जुनीच. २०१३ च्या दुरुस्तीपासून या कलमाला किमान १ वर्ष, कमाल ५. अशिलाला १ वर्ष झालंय. शिक्षेला स्थगिती आहे, तो जामिनावर.

७.१५. निशाणी १४, शेजारणीची साक्ष, तिसऱ्यांदा वाचली. कोर्टात ती म्हणते, ‘त्याला हात धरून ओढताना मी पाहिलं.’ पोलिसांपुढच्या जबाबात मात्र ‘ओरडा ऐकून बाहेर आले’ एवढंच. असं काही सापडलं की वकिलाची झोप उडते. पण ती आणि फिर्यादीबाई दोघी पूर्वभागातल्या, विड्या वळणाऱ्या, घरात तेलुगू. शेजारीण बोलली तेलुगूत, कुणीतरी मराठीत सांगितलं, हवालदाराने आपल्या ठरलेल्या मराठीत उतरवलं. ‘पाहिलं’ हा शब्द तिने नंतर घातला, की तेव्हाच वाटेत गळला? सोलापुरात हा प्रश्न दर चौथ्या-पाचव्या केसमध्ये पडतो आणि आम्ही तो सोयीपुरताच विचारतो.

१०.४५. बोर्डावर १९ वा नंबर. अशील म्हणाला, “साहेब, बाई खोटं बोलली म्हणून ठासून सांगा की!” म्हटलं, “एवढ्या पुराव्यावर शिक्षा टिकत नाही, हे सांगतो. त्यापुढचं मला माहीत नाही.” त्याला ते आवडलं नाही.

१२.३०. उलटतपासात शेजारणीचं ठरलेलं उत्तर आहे: ‘मी सांगितलं होतं, पोलिसांनी का लिहिलं नाही ते सांगता येणार नाही.’ मग तिने तसं सांगितलं नव्हतं, हे तपासी अंमलदाराला विचारून सिद्ध करायला हवं. खालच्या कोर्टातल्या वकिलाने विचारलेलंच नाही! जबाब एरवी पुरावा म्हणून वाचता येत नाही. मुद्दा हातातून निसटला. भाकरी आणि शेंगाचटणी तशीच डब्यात राहिली.

३.२०. पुकार झाली. १९५७ च्या वडिवेलू थेवर निकालातले साक्षीदारांचे तीन प्रकार सांगितले: पूर्ण विश्वासार्ह, पूर्ण अविश्वासार्ह आणि मधले. मधल्यांना दुजोरा लागतो. न्यायाधीश म्हणाले, “शेजारीण बाजूला ठेवा. फिर्यादीबाईंचं काय?” सरकारी वकिलांनी चंद्रप्रकाश जैन प्रकरण काढलं, आपल्याच महाराष्ट्रातलं, १९९० चं: पीडितेला गुन्ह्यातल्या साथीदाराच्या पंक्तीला बसवून दुजोरा मागायचा नाही. खरं सांगायचं तर फिर्यादीबाई उलटतपासात कुठेच हलल्या नव्हत्या. मी वेळेचा आणि अंधाराचा मुद्दा मांडला. बरा झाला, एवढंच. साक्ष देताना दोघींचा चेहरा कसा होता, आवाज अडखळला का, हे आम्हा तिघांपैकी कुणीच पाहिलेलं नाही. आमच्यापुढे टाइप केलेली पानं.

४.४०. निकालासाठी पुढची तारीख. हरलो तर हायकोर्टात रिव्हिजन. ऑगस्ट २०२५ पासून सोलापूरची प्रकरणं कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात, त्यामुळे मुंबईला जायची सिद्धेश्वर एक्स्प्रेसची रात्र वाचेल.

५.१०. बाहेर पडताना दिसलं, फिर्यादीबाई मागच्या बाकावर होत्या. अपिलात त्यांना कुणी बोलावत नाही, त्या आपणहून आल्या होत्या. पट्टेवाल्याला विचारत होत्या, “मला काही इचारणार हैत का?”

“नाही,” तो म्हणाला, आणि पंखे बंद करू लागला.