एक माणूस, तीन विद्यापीठं

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी वैनगंगेकाठच्या बालाघाटहून एखादा मुलगा बी.ए. व्हायला निघाला, तर छोट्या लाइनच्या गाडीने गोंदियाला यायचं, तिथून नागपूर गाठायचं आणि हिस्लॉप किंवा मॉरिस कॉलेजात नाव घालायचं. बालाघाट जिल्हा तेव्हा नागपूर विभागातच होता. पण शिकायचं नागपुरात आणि पदवी घ्यायची अलाहाबाद विद्यापीठाची! शेकडो मैलांवरच्या त्या विद्यापीठाचा कारभार कसा चालतो, हे या मुलाला कधी दिसायचंही नाही.

असं का? कारण कॉलेज कुणीही काढू शकतं, पदवी मात्र कायद्याने अधिकार मिळालेली संस्थाच देऊ शकते. विद्यापीठाचा जन्म इमारतीत होत नाही, कायदेमंडळात होतो. आधी विधेयक, मग चर्चा, मतदान, मंजुरी. वर्ग, ग्रंथालय, वसतिगृह हे सगळं नंतर. ही गोष्ट हरिसिंह गौर यांना पुरती उमगली होती आणि तिचा त्यांनी आयुष्यभर जो वापर केला, तो पाहिला की मी थक्क होतो.

गौर सागरचे, जन्म 26 नोव्हेंबर 1870. घरची स्थिती बेताची. सागर, जबलपूर, नागपूरचं हिस्लॉप आणि तिथून थेट केंब्रिजचं डाउनिंग कॉलेज अशी त्यांची शिक्षणाची वाट. बॅरिस्टर होऊन परतल्यावर मध्य प्रांतात वकिली केली, कायद्यावर जाडजूड ग्रंथ लिहिले, नागपूर नगरपालिकेचं अध्यक्षपद सांभाळलं. 1921 साली ते दिल्लीच्या केंद्रीय विधानसभेत बसले, तेही नागपूर विभागाचे प्रतिनिधी म्हणून.

तिथली त्यांची पहिली काही वर्षं तर विलक्षणच आहेत. मार्च 1921 मध्ये त्यांनी ठराव मांडला, की अंतिम अपिलासाठी लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे का जायचं, भारतात आपलं सर्वोच्च न्यायालय हवं. ते प्रत्यक्षात यायला 1950 साल उजाडलं. त्या वेळी कलकत्ता आणि पाटणा इथल्या उच्च न्यायालयांनी कायद्याची पदवी घेतलेल्या स्त्रियांना केवळ स्त्री म्हणून वकिली नाकारली होती. गौर यांनी हा प्रश्न सभागृहात लावून धरला आणि 1923 च्या कायद्याने ती आडकाठी गेली. त्याच वर्षी विशेष विवाह कायद्यात त्यांनी दुरुस्ती करून घेतली. त्याआधी दोन वेगळ्या जातींतल्या हिंदूंना या कायद्याखाली लग्न करायचं तर ‘मी हिंदू धर्म मानत नाही’ असं लिहून द्यावं लागे! दुरुस्तीनंतर हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन यांना आपला धर्म न नाकारता आपसांत लग्न करता येऊ लागलं. माझ्या मते त्यांच्या साऱ्या कामात हे सर्वांत धाडसाचं.

याच सभागृहात 1922 मध्ये दिल्ली विद्यापीठाचा कायदा झाला आणि पहिले कुलगुरू झाले गौर. हाताशी काय होतं? सेंट स्टीफन्स, हिंदू आणि रामजस ही तीन कॉलेजं आणि सुमारे 750 विद्यार्थी. आज ज्या जुन्या व्हाइसरीगल लॉजमध्ये विद्यापीठाचं कार्यालय आहे, ती वास्तू 1933 मध्ये मिळाली. गौर यांचा कार्यकाळ 1926 लाच संपला होता. म्हणजे स्वतःची वास्तूही नसलेलं विद्यापीठ त्यांनी चार वर्षं चालवलं.

इकडे 1923 मध्ये नागपूर विद्यापीठ निघालं आणि अलाहाबादचा द्राविडी प्राणायाम संपला. पुढे गौर तिथेही कुलगुरू झाले. (मराठी वाचकाला त्यांची ओळख असायला एवढं एक कारण पुरे होतं, पण आपल्याकडे त्यांचं नाव फारसं निघत नाही, याची मला खंत आहे.) 1956 च्या राज्य पुनर्रचनेत भंडारा मुंबई राज्यात गेला, बालाघाट मध्य प्रदेशातच राहिला आणि मराठी-पोवारी बोलणाऱ्या घरांना शेजारचं नागपूर परराज्य झालं. आता बालाघाटची कॉलेजं 2019 मध्ये स्थापन झालेल्या छिंदवाड्याच्या विद्यापीठाकडे आहेत.

गौर यांचं तिसरं विद्यापीठ मात्र त्यांच्या स्वतःच्या पैशाचं. आपल्या गावात विद्यापीठ असावं म्हणून वकिलीच्या कमाईतले 20 लाख रुपये त्यांनी दिले. 1946 चे 20 लाख! कायदा मध्य प्रांत व वऱ्हाडच्या विधिमंडळाचा आणि वर्ग मकरोनियाच्या लष्करी बराकींत. 18 जुलै 1946 ला सागर विद्यापीठ सुरू झालं तेव्हा संस्थापक कुलगुरू पंचाहत्तरीचे होते. एवढ्यावरही ते थांबले नाहीत. मृत्युपत्राने आपल्या मालमत्तेचा मोठा वाटा त्यांनी विद्यापीठाच्याच नावे केला. 1983 पासून त्यांच्या नावाने ओळखलं जाणारं हे विद्यापीठ 2009 पासून केंद्रीय विद्यापीठ आहे.

सागर उभं राहत होतं त्याच वर्षी ते संविधान सभेचेही सदस्य झाले. 26 नोव्हेंबर 1949 ला, नेमक्या त्यांच्या एकोणऐंशीव्या वाढदिवशी, संविधान स्वीकारलं गेलं. महिनाभरात, 25 डिसेंबरला ते गेले.