फांदीवरची माती

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात, वॉशिंग्टन राज्यातल्या होह नदीच्या खोऱ्यात वर्षाला ३५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तोही बहुतेक हिवाळ्यात. या थंड ओलाव्यावर तिथलं समशीतोष्ण वर्षावन पोसलं आहे. त्यातल्या मोठ्या पानांच्या मेपलची फांदी मॉसने इतकी लगडलेली असते की साल नजरेस पडत नाही. (मॉस म्हणजे बांडगूळ नव्हे. झाडाचा रस त्याला नको, नुसता आधार हवा.)

परिसंस्था-अभ्यासक नलिनी नाडकर्णी पीएचडी करताना दोर लावून या झाडांवर चढल्या. वडील मूळचे ठाण्याचे, त्यांचा स्वतःचा जन्म अमेरिकेतला. मॉसची जाड गादी त्यांनी उचकटली, तर खाली भुसभुशीत काळसर माती. मेलेलं मॉस, अडकलेला पाला आणि वाऱ्याने आणलेली धूळ कुजून वर्षानुवर्षांत साचलेली. त्या मातीत मुळं होती. ती नेच्यांची असावीत असं वाटलं असतं. माग काढला तेव्हा ती मेपलचीच निघाली! जमिनीपासून कितीतरी उंचावर झाड आपल्याच फांदीतून मुळं फोडून आपल्याच अंगावरच्या मातीतून पाणी आणि पोषण ओढत होतं. हे संशोधन १९८१ साली ‘सायन्स’मध्ये छापून आलं.

वनांच्या पुनरुज्जीवनाचा खरा तिढा इथे आहे. रोपं लावता येतात, फांदीवरची माती लावता येत नाही.

शिवाय ती टिकवणारं मॉसच बाजार सोलून नेतो. फुलांच्या सजावटीसाठी, कुंड्यांत अंथरण्यासाठी तिथल्या जंगलांतून मॉस काढलं जातं, आणि उघडी पडलेली फांदी पुन्हा भरायला दशकं लागतात.

मग मॉसची लागवडच का करू नये? पण कोणती जात लवकर वाढते, तिला पाणी किती लागतं, हे आधी शोधायला हवं होतं. त्यासाठी नाडकर्णींनी हाक दिली ती वॉशिंग्टन राज्यातल्याच सीडर क्रीक तुरुंगातल्या कैद्यांना. मॉसला धारदार अवजार लागत नाही आणि हयगयही चालते: वाळून कुरकुरीत झालेला झुबका पाणी शिंपडताच काही मिनिटांत हिरवा होतो. कैद्यांनी पाणी घातलं, मोजमापं घेतली, नोंदी ठेवल्या. वेळेची तर त्यांना ददात नव्हतीच.

मॉसमागून त्या तुरुंगात कंपोस्ट आलं, मधमाश्या आल्या. २००९ पासून तिथे ऑरेगॉनच्या ठिपकेदार बेडकांची पिल्लं वाढवून पाणथळींत सोडली जाऊ लागली.