अकोल्याचा उन्हाळा, घोट्याची सूज आणि बीपीची गोळी

मे महिन्यात अकोल्याचा पारा ४४-४५ अंशांवर गेला, की वऱ्हाडात एक तक्रार हमखास ऐकू येते: ‘गोळीनं पाय फुगून राह्यले.’ संध्याकाळी चप्पल घट्ट होते, घोट्यावर बोट दाबलं तर खळगा पडतो. मग किडनी गेली या धास्तीनं काही जण अ‍ॅम्लोडिपिन ही बीपीची गोळी परस्पर बंद करतात. बहुतेक वेळा किडनीचा इथे काही संबंध नसतो.

रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या स्नायूपेशींत कॅल्शियम शिरलं की वाहिनी आकसते. हे कॅल्शियम अडवणारी औषधं जर्मनीत फ्रायबुर्गच्या आल्ब्रेख्त फ्लेकेनश्टाइन यांनी १९६०च्या दशकात ओळखली. अ‍ॅम्लोडिपिन त्याच कुळातलं. धमन्या सैलावतात, दाब उतरतो, हृदयाचे कष्ट कमी होतात. म्हणून चालताना छाती आवळून येणाऱ्या अंजायनातही ते देतात. (हाडांतलं कॅल्शियम त्यानं कमी होत नाही. दूध खुशाल प्या.)

सुजेचं कारण यातच आहे. लहान धमन्या मोकळ्या होतात, परतीच्या शिरा तेवढ्या होत नाहीत. पाटाला पाणी वाढवलं आणि पुढचा चर अरुंदच राहिला, तर ते बाजूनं झिरपणारच. उन्हानं वाहिन्या आणखी फैलावतात. अंगात मीठ-पाणी साठल्याची ही सूज नव्हे, त्यामुळे लघवीच्या गोळीनं ती फारशी हटत नाही. डॉक्टर डोस कमी करतात, किंवा शिराही सैल करणारं टेल्मिसार्टनसारखं औषध जोडतात. मात्र दम लागत असेल, चेहरा सुजला असेल किंवा एकच पाय सुजला असेल, तर कारण दुसरं असू शकतं. तपासणी लांबवू नये.

भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम २०१७ मध्ये सुरू झाला. वर्धा आणि भंडारा त्याच्या सुरुवातीच्या जिल्ह्यांत होते. स्वस्त आणि दिवसातून एकदाच घ्यायची अ‍ॅम्लोडिपिन ही या उपक्रमातली पायाभूत गोळी. शरीरातलं तिचं प्रमाण निम्मं व्हायला ३० ते ५० तास लागतात. एखादा डोस चुकला तर बिघडत नाही, पण इथेच फसगत होते: गोळी सोडल्यावर दोन-तीन दिवस काहीच जाणवत नाही, आणि नंतर दाब गुपचूप चढतो.

तेव्हा पाय सुजले, तर गोळ्यांचं पाकीट घेऊन अमरावतीत इर्विन किंवा अकोल्यात सर्वोपचार रुग्णालय गाठा. छातीत अचानक कळ आली, तर अ‍ॅम्लोडिपिनची जादा गोळी घेऊ नका, ती सावकाश काम करते. खाली बसा, डॉक्टरांनी दिलेली सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवा आणि लगेच १०८ ला फोन करा.