घंटागाडीत मामांशेजारी

साडेचार तास, 3 प्रश्न, कोरे कागद. ऑलिंपियाडच्या तयारीची 4 वर्षं माझं गणित एवढ्यातच राहिलं. लागणारं सगळं प्रश्नातच दिलेलं असायचं. या उन्हाळ्यात मात्र मी रोज सकाळी साडेसहाला साताऱ्यात, अजिंक्यताऱ्याच्या उतारावरच्या आमच्या पेठेत, घंटागाडीत मामांशेजारी बसते.

गाडीनं प्रत्येक गल्ली घ्यायची, दुसऱ्यांदा जाणं कमीत कमी ठेवायचं आणि निघाली तिथं परतायचं. चिनी गणिती मेइ-को क्वान यांनी 1960 मध्ये हाच प्रश्न पोस्टमनसाठी मांडला. मूळ ऑयलरच्या 1736 च्या पुलांच्या कोड्यात. जिथं विषम संख्येनं रस्ते मिळतात, तिथं घोडं अडतं. बोळाचं बंद टोकही त्यातच आलं. असे बिंदू नेहमी सम संख्येनंच निघतात (ती सिद्धता मला अजूनही देखणी वाटते). त्यांच्या जोड्या लावायच्या आणि जोडीमधला रस्ता दोनदा घ्यायचा.

नकाशावर मला असे 14 बिंदू मिळाले. त्यांच्या जोड्या 1,35,135 प्रकारे लागतात. रात्र जागून प्रोग्रॅम लिहिला, सर्वांत छोटा मार्ग काढला आणि छापून मामांना दिला.

त्यांनी कागद स्टिअरिंगवर पसरला. "बाळा, या तीन बोळांत गाडी शिरतच नाय. तोंडाशी घंटा वाजवायची, बाया बादल्या घिऊन येत्यात."

तीन बोळ गेले. त्यांची बंद टोकं गेली, आणि तोंडाशी तीन रस्ते मिळत होते तिथं दोनच उरले, म्हणजे सम. 14 चे 8 झाले; जोड्यांचे प्रकार फक्त 105. पाठकोऱ्या कागदावर तिथंच मोजलं आणि अंगावर काटा आला. एवढी सुंदर पायरी मला परीक्षेत कधी सुचली नव्हती.

पुढचं वाक्य मात्र जड गेलं. "आन् भरलेली गाडी चढाला घालायची नाय. क्लच जळतोय."

माझ्या ग्राफमध्ये गल्लीची लांबी जाता-येता एकच होती. एडमंड्स आणि जॉन्सन यांची 1973 ची जलद रीत त्याच गृहीतावर उभी आहे. चढाची किंमत वेगळी धरली, की सर्वसाधारण रूपात या प्रश्नाला जलद रीत आजवर कुणालाच सापडलेली नाही.

आता वहीत प्रत्येक गल्लीपुढे दोन रकाने आहेत, चढ आणि उतार. उताराचे आकडे भरत आलेत. चढाचे रिकाम्या गाडीतच घ्यायचे. मामा म्हणालेत, उद्या साडेपाचला ये.